मरणाच्या दाराचा दाखला

रविवारी सकाळी साडेसातला पनवेल स्टेशनाबाहेर करंजाड्याच्या रिक्षांच्या रांगेत दमयंतीबाई खरात दिसल्या नाहीत, तर समजावं की बाई तापानं फणफणल्यात, नाहीतर कुणाच्या मयताला गेल्यात. तिसरं कारण सत्तावीस वर्षांत घडलेलं नाही. बारीक काठाची पांढरी साडी, पट्ट्याच्या चपला, दोन खांद्यांना दोन पिशव्या. उजव्या पिशवीत बायबल, गीतांच्या वह्या, चष्मा आणि गुडघ्याला चोळायचा बाम. डाव्या पिशवीत स्टीलचा गोल डबा आणि एक बाटली. ही डावी पिशवी बाई कुणाच्या हातात देत नाहीत. रिक्षावाल्यानं मागं टाकतो म्हटलं तरी मांडीवरच घेतात.

डब्यात प्रभुभोजनाची भाकर असते, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीनं उपासनेत एकेकाच्या हातावर ठेवायची. आता भाकर म्हणायचं ते रिवाजानं. असतात ते पावाचे तुकडे. बाईंच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, पनवेल भागात तीन ठिकाणी उपासना चालते. एक करंजाड्याला, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. दुसरी कळंबोलीत, लोखंड बाजारामागं टायरच्या दुकानावरच्या खोलीत. आणि तिसरी कातकऱ्यांची, ती पावसाळ्यात टेंभ्याच्या वाडीवर आणि एरवी जिथं वीटभट्टी लागेल तिथं. तिन्हींना मिळून पाळक एक, रेव्हरंड सत्यजीत वाघचौरे. त्यांच्या गळ्यात उरणपासून खोपोलीपर्यंत आणखी चार मंडळ्या. म्हणून ते पनवेलला येणार महिन्याच्या पहिल्या रविवारी. आले की महिन्याभराच्या भाकरीवर आणि द्राक्षरसावर आशीर्वाद मागणार आणि स्कूटरला किक मारून पुढच्या गावाला जाणार. उरलेले तीन-चार रविवार ती आशीर्वादलेली भाकर घेऊन बाई फिरणार.

बाई सुवार्तिका. म्हणजे उपदेश करायचा, आजाऱ्यापाशी बसायचं, भांडलेल्या नवरा-बायकोला समजवायचं, मेलेल्याला मातीआड करतानाची प्रार्थना म्हणायची. एवढं सगळं चालतं. चालत नाहीत त्या दोनच गोष्टी: भाकर आशीर्वादणं आणि बाप्तिस्मा देणं. त्याला डोक्यावर हात ठेवून दीक्षा मिळालेला माणूस लागतो.

महिनाभर पाव टिकायचा कसा? पहिल्या वर्षी तिसऱ्या रविवारी डबा उघडला तर हिरवी बुरशी. तेव्हापासून बाई शनिवारी पावाचे बोटाएवढे तुकडे करून लोखंडी तव्यावर मंद आचेवर कडक वाळवतात. द्राक्षरस म्हणून काळ्या मनुका उकळून गाळतात. पाव बाईंचा, गॅस बाईंचा, उकळताना हाताला बसलेले चटके बाईंचे. पाळकसाहेबांची तीन मिनिटं. कळंबोलीचा गॅरेजवाला शिवा एकदा तुकडा चावता चावता म्हणाला होता, "बाई, दात शिल्लक आहेत तोवर तुमच्या मंडळीत राहतो. पुढचं पुढं."

बाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं असं नाही. पण वाटून घ्यायलाही वेळ लागतो, आणि रविवारी तीन उपासना म्हटल्यावर तो कुठून आणायचा?

मूळच्या त्या नगरकडच्या, शेवगावच्या. लग्न करून पनवेलला आल्या. नवरा भरत लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून होता. नऊ वर्षांमागं गेला. मुलगी डोंबिवलीला दिली. पत्रानं शिकून बाईंनी धर्मशिक्षणाची पदविका घेतली, तिचं प्रमाणपत्र अजून पलंगाखालच्या पेटीत आहे. आणि सत्त्याण्णव साली मंडळ्यांच्या संघाच्या वार्षिक सभेबाहेर, पायरीवर बसून, सतरा सुवार्तिकांनी एक अर्ज लिहिला. स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळावी. अर्ज लिहिणारी अरुंधती, अलिबागच्या शाळेतली मराठीची बाई. कागद संपला म्हणून शेवटच्या चार सह्या मागच्या बाजूला झाल्या. दमयंतीबाईंची मागच्या बाजूलाच आहे.

उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं, इतर मंडळ्यांचा अनुभव पाहून निर्णय घेऊ. इतर मंडळ्यांत बायका पाळक झाल्या, त्यांचे पांढऱ्या झग्यातले फोटो पेपरात आले, अरुंधतीनं ते कापून अर्जाला जोडले. मग उत्तर आलं की कोकणातल्या लोकांची मानसिकता वेगळी आहे. असं करता करता सतरातल्या सहा जणी वारल्या, चार मुलांकडे परगावी गेल्या, दोघींनी मंडळीच बदलली. उरल्या पाच. आणि सहा वर्षांमागं एका सभेत, जेवायच्या सुट्टीआधी, सगळ्यांना भुका लागलेल्या असताना ठराव पास झाला! दीक्षा मिळेल, पण विभागाच्या समितीनं शिफारस करायला हवी, आणि वय साठाच्या आत हवं.

अरुंधती तेव्हा साठ पूर्ण करून बसली होती. तिनं बाईंना फोन केला. म्हणाली, "दमयंतीबाई, तुम्ही. पहिल्या तुम्ही व्हा. एक झाली की पुढं उरणची रूपा आहे, तिच्यामागं दोघी आहेत. पहिलीलाच नडतात हो, दुसरीला कुणी विचारत नाही."

पहिलीला सहा वर्षं लागली. अखेर तारीख मिळाली, पंचवीस जानेवारी. बाईंची साठी नऊ फेब्रुवारीला.

कोर्टाजवळ वकिलांचे कोट शिवणारा एक टेलर आहे, त्याच्याकडे बाई झग्याचं माप द्यायला गेल्या.

"वकील का?" त्यानं टेप गळ्यातून काढत विचारलं.

"नाही. चर्चचा झगा हवाय. पांढरा."

"सिस्टर आहात होय."

"सिस्टर कुठली! जावई आहे मला. पाळक होणार आहे मी, पाळक. फादर असतात ना, तसं समजा."

टेलरनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. "मग छातीला टक्स घ्यावे लागतील. फादरच्या झग्याला नसतात."

"घ्या," बाई म्हणाल्या. ठरावापासून तारखेपर्यंतच्या सहा वर्षांत कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

अडचण आली ती एका फॉर्ममुळे. शिफारशीसोबत अकरा प्रश्नांचा फॉर्म भरायचा होता. नववा प्रश्न असा: आपण आजवर कोणताही संस्कार स्वतः दिला आहे काय? शहाण्या माणसानं 'नाही' लिहून पुढं सरकायचं. दमयंतीबाईंनी लिहिलं, 'होय. एकदा. बाप्तिस्मा. मरणाच्या दारी असलेल्या स्त्रीस.'

हे झालं मागल्या मार्चात. शुक्री कातकरीण, वय तिशीच्या आसपास, चार वर्षं उपासनेला मागं पोत्यावर येऊन बसणारी. तिला बाप्तिस्मा हवा होता. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा पाळकसाहेबांना दुसरीकडे मयत निघालं. शिवाय हल्लीचे दिवस असे की धर्म बदलायचा तर आधी वकील, मग स्टँपपेपर, मग बाप्तिस्म्याचं पाणी. तर मार्चात भट्टीवर विटा उचलताना तिला घोणस चावली. बाई नेमक्या तिथंच होत्या. विटांच्या टेम्पोत तिला घातली, नवरा चांगोनं डोकं मांडीवर घेतलं, बाई पायाशी बसल्या. कळंबोलीच्या अलीकडं ट्रकांच्या रांगेत टेम्पो अडकला. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं.

"बाय, मी चालले," शुक्री म्हणाली. "मना पानी घाल."

"मरत नाहीस तू. गप पड."

"नाय मेले तं नाय मेले. तू घाल."

चांगोनं बाईंकडे पाहिलं. तो स्वतः कधी उपासनेला बसला नव्हता, लांब बिडी ओढत उभा राहायचा. म्हणाला, "घाल गं बाय. मागतेय तं घाल."

नियम बाईंना पाठ होता. मरणाच्या दारात असलेल्याला कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. ड्रायव्हरच्या सीटमागं प्याय‌च्या पाण्याची अर्धी बाटली होती. ती घेऊन बाईंनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा तिच्या कपाळावर ओतलं. तिसऱ्या वेळी पाणी नाकात गेलं आणि शुक्रीला ठसका लागला. मग ट्रक हलले. सहा दिवस दवाखान्यात काढून शुक्री चालत घरी आली.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी सत्यजीत पाळकांना फोन करून सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं केलंत. पुढच्या महिन्यात वहीत नोंदवू." पुढचा महिना आला, त्या पाळकसाहेबांच्या स्कूटरची क्लच केबल तुटली, गडबडीत वही राहिली ती राहिलीच.

समितीची बैठक करंजाड्याच्या हॉलमध्ये झाली. समिती म्हणजे पाच माणसं, पण बोलणारा एक, सेक्रेटरी अपूर्व सातदिवे. वय पंचेचाळीस, उरणच्या बंदरावर कंटेनरच्या कंपनीत मॅनेजर. माणूस वाईट नाही. मंडळीत कुणाला रात्री-अपरात्री गाडी लागली तर त्याची असते. पण कागदाला कागद जुळला नाही की त्याला जेवण जात नाही.

"बाई, नियम मला मान्य आहे. इमर्जन्सी असेल तर कुणीही देऊ शकतं. पण इमर्जन्सी होती याचं प्रूफ?"

"घोणस चावली होती, अपूर्व."

"ते झालं तुमचं स्टेटमेंट. डॉक्युमेंट हवं ना काहीतरी. उद्या वर फाइल गेली आणि कुणी विचारलं, तर मी काय दाखवू?"

मग बाई भट्टीवर गेल्या. शुक्रीनं झोपडीच्या आढ्यात खोचलेलं दवाखान्याचं कार्ड काढून दिलं. पुढच्या बैठकीत ते अपूर्वच्या हातात पडलं. त्यानं चष्मा वर सरकवून वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि कार्ड टेबलावर ठेवून एका शब्दाखाली बोट टेकवलं.

"जनरल कंडिशन ऑन ॲडमिशन, स्टेबल."

"म्हणजे?"

"म्हणजे बरी होती. मरणाच्या दारात नव्हती."

"अरे, हिरड्यांतून रक्त येत होतं तिच्या!"

"कार्डावर स्टेबल लिहिलंय, बाई. मी नाही लिहिलं."

सत्यजीत पाळक खिडकीबाहेर सोसायटीच्या पार्किंगकडे बघत होते. त्यांनी काही बोलावं म्हणून बाई थांबल्या. ते बोलले नाहीत.

"थोडक्यात," बाई म्हणाल्या, "ती मेली असती तर बाप्तिस्मा खरा होता."

एक सदस्य फिसकन हसला आणि लगेच गंभीर झाला. अपूर्व हसला नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "बाई, मी तुमच्याच साइडनं आहे. हे बघा, वे आउट आहे. तुम्ही एक लाइन लिहून द्या. 'मी प्रार्थना केली आणि रुग्णाच्या तोंडावर पाणी मारलं, तो बाप्तिस्मा नव्हता, फॉर्ममध्ये चुकून तसा उल्लेख झाला.' बास. पाळकसाहेब त्या बाईला पुढच्या महिन्यात रीतसर बाप्तिस्मा देतील. पंचवीसला तुमची दीक्षा. कुणाचं काही नुकसान नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मग वर कळवावं लागेल. चौकशी लागेल. तीन महिने तर सहज जातील." त्यानं पुढचं सांगितलं नाही. नऊ फेब्रुवारी सगळ्यांनाच माहीत होती.

बाईंनी कार्ड पिशवीत घातलं. "गुरुवारपर्यंत सांगते," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

खरं सांगायचं तर त्यांनी लिहायचं ठरवलं होतं. रिक्षात बसेपर्यंतच ठरलं होतं. एक ओळ. सत्तावीस वर्षं ढीगभर ओळी लिहिल्या, त्यांतली एकही कुणाला खरी वाटली नाही. आता एक खोटी लिहायची, ती सगळ्यांना चालणार होती. संध्याकाळी अरुंधतीचा फोन आला, तीही तेच म्हणाली. "लिहून टाका. पाप लागलं तर अर्धं माझ्या नावावर घ्या. तुम्ही एकट्या नाही आहात दमयंतीबाई, रूपाचा विचार करा. अडतीस वर्षांची पोर आहे, तिनं पण साठीपर्यंत डबाच वाहायचा का?"

"लिहिते गं. नाही कुठं म्हणतेय. फक्त शुक्रीला आधी सांगायला हवं. तिचं तिला दुसऱ्याकडून कळायला नको."

बुधवारी दुपारी बाई भट्टीवर गेल्या. शुक्री उकिडवी बसून विटा थापत होती. गाऱ्याचा गोळा साच्यात आपटायचा, हातानं वरचं काढून टाकायचं, साचा उलटा करायचा. चांगो गारा तुडवत होता. बाई उलट्या टोपलीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. झगा शिवायला टाकलाय, तारीख, कार्ड, ती ओळ.

शुक्रीचा हात थांबला नाही. "मंग लिव ना बाय. तुजं काम होतंय तं लिव."

"तुला पुन्हा पाणी घ्यावं लागेल. पाळकसाहेबांकडून."

"घेईन की. पानीच हाय. आंगाला काय भोकं पडतात?"

"यावेळी नाकात नका घालू म्हणावं," चांगो गाऱ्यातून म्हणाला. "मागल्या बारी घोणशीनं नाय मेली ती बाटलीनं मेली असती."

तिघंही हसले. बाईंना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. उठावं आणि चारच्या आत घरी जाऊन कागद लिहून टाकावा, असं मनात आलं. तेवढ्यात शुक्रीनं साचा खाली ठेवला. हाताला लागलेला गारा पदराला न पुसता तशीच बसून राहिली.

"बाय, येक इचारू?"

"विचार ना."

"त्या दिसापास्नं मी फुडं बसतंय. तू आयतवारी माज्या हातावं भाकर ठेवतेस. पानी घेतल्याबिगर भाकर द्येत नाय, तूच सांगितलंवतंस. चार वरसं मना दिली नाय तू. मी मागं बसून बगायची." ती बोटं मोजायला लागली, मग सोडून दिली. "धा म्हयनं झालं. ती धा म्हयनं मी खाल्ली ती कंची भाकर व्हती?"

"टोस व्हता टोस," चांगो म्हणाला. "चा नव्हता फकस्त."

"तू गप ऱ्हा. मी बायला इचारतंय."

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर द्यायची सवय होती त्यांना. देव दिसत का नाही, बाळ का गेलं, दारुड्याला क्षमा किती वेळा करायची, असल्या प्रश्नांना त्या सत्तावीस वर्षं उत्तरं देत आल्या होत्या. आता त्या टोपलीची सुटलेली काडी आत खोचत राहिल्या.

शुक्रीनं वाट पाहिली आणि पुन्हा साचा उचलला. "ऱ्हाऊं दे. मी आपलं इचारलं. तू लिव. तुजा झगा शिवून तयार झाला आसंल."

रागावून म्हणाली असती तरी चाललं असतं. ती रागावली नव्हती. चार वर्षं मागं बसली होती तशीच पुन्हा मागं बसायला तयार होती. असं तयार व्हायला जी दमणूक लागते ती बाईंनी ओळखली. रोज आरशात दिसायची ती.

घरी जाऊन त्या कागद घेऊन बसल्या. 'मी प्रार्थना केली' इथपर्यंत लिहिलं. ते खरं होतं. पुढं 'आणि रुग्णाच्या तोंडावर' इतकं लिहून पेन थांबलं. कपाळ होतं ते. तोंडावर पाणी मारणं वेगळं, कपाळावर ओतणं वेगळं. टेम्पोत बसून त्यांनी देवाचं नाव मोठ्यानं घेतलं होतं, ट्रकच्या हॉर्नवर आवाज जावा म्हणून ओरडून घेतलं होतं. ते नव्हतं म्हणायचं आणि रविवारी पुन्हा तेच नाव घेऊन तिच्या हातावर काहीतरी ठेवायचं. ठेवता आलं असतं, लोक काय काय करतात. पण झगा घालूनसुद्धा तेच काम करायचं होतं ना? मग झग्याचा उपयोग काय?

हे मोठं धैर्य वगैरे नव्हतं. बाईंचं अंग ठणकत होतं, आणि आयुष्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवून बोलायची, खोटं कुठं कुठं जुळवून घ्यायचं, याला आता त्राण उरलं नव्हतं. खरं सांगितलं की विसरून तरी जाता येतं.

गुरुवारी समितीपुढं त्यांनी कोरा कागद ठेवला.

"लिहिलं नाहीत?" अपूर्वनं विचारलं.

"तिचा बाप्तिस्मा झालेला आहे. मी दिलाय. वहीत नोंद करा."

"बाई, वहीत नोंद केली की वर कळवणं आलं. मग पंचवीस तारीख..."

"माहीत आहे."

"सहा वर्षं लागलीत या तारखेला."

"सत्तावीस," बाई म्हणाल्या. "पण तुझं बरोबर आहे. तू आलास त्याला सहाच झाली."

अपूर्वनं चष्मा काढून डोळे चोळले. तेवढ्यात सत्यजीत पाळक बोलले. "बाईंनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. फोन आला होता. नोंद करायची मी विसरलो."

"पाळकसाहेब, हे मिनिट्समध्ये जाईल हं," अपूर्व हळू आवाजात म्हणाला. "मग चौकशी तुमचीही."

"जाऊ दे."

"हे मागच्या बैठकीत बोलायला हवं होतं तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते रागावून म्हणता आलं नाही.

"हो," पाळक म्हणाले. त्यांचे केस कानशिलांवर पांढरे झालेत हे बाईंच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. सात मंडळ्या आणि एक जुनी स्कूटर.

वही आली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडाच्या पाठीची. सत्यजीत पाळकांनी स्वतः भरायला घेतली. नाव: शुक्री चांगो हिलम. वय: अंदाजे एकतीस. गाव: टेंभ्याची वाडी. तारीख घातली. ठिकाण या रकान्यापाशी ते थांबले. वरपासून खालपर्यंत सगळीकडे 'प्रार्थनालय' लिहिलेलं.

"टेम्पो लिहा," बाई म्हणाल्या. "कळंबोलीच्या अलीकडं."

त्यांनी लिहिलं. शेवटचा रकाना, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. अपूर्व म्हणाला, "तो तूर्त ब्लँक ठेवू. वरून उत्तर आलं की बघू." पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं, वही फिरवली आणि पेन बाईंपुढं केलं. अपूर्व काही बोलायला गेला, मग त्यानं फोन काढला आणि उगाच त्यात बघत बसला.

बाईंनी सही केली. वरच्या प्रत्येक सहीआधी 'रेव्ह.' होतं. त्यांनी नुसतं 'दमयंती भ. खरात' लिहिलं, शाळेत शिकवलं होतं तसं, प्रत्येक अक्षरावर रेघ नीट मारून. तेवढ्याला इतका वेळ लागला की एका सदस्यानं घड्याळ पाहिलं.

अरुंधतीला फोन करायचं त्यांनी शुक्रवार दुपारपर्यंत टाळलं. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवले, तेव्हा केला. सगळं ऐकून घेतल्यावर अरुंधती जी सुटली ती सुटली. "स्वतःच्या हातानं? दमयंतीबाई, स्वतःच्या हातानं? अहो, सहा जणी वरती बसून वाट बघतायत तुमच्या झग्याची. रूपाला मी काय तोंडानं सांगू? तुमचं मन साफ राहिलं, छान झालं, पण आमचं काय? तुमच्या एकटीचं होतं का ते?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. तुझं खरंय. रूपाला मी सांगेन, उरणला जाऊन. रागावली तर रागावू दे."

पाणी कोमट व्हायला लागलं होतं. शेजारच्या फ्लॅटमधून मिक्सरचा आवाज आला आणि थांबला.

"वहीत नोंद तरी नीट केली का त्यांनी?" अरुंधतीनं विचारलं.

"केली. सही माझीच आहे."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? देणाऱ्याच्या रकान्यात."

अरुंधतीचा आवाज बदलला. पस्तीस वर्षं वर्गात खडू चालवलेल्या बाईचा आवाज झाला. "थांबा, थांबा. समितीसमोर केलीत? पाळकांनी पेन दिलं? आणि त्यांनी खोडली नाही?"

"खोडली नाही."

"म्हणजे संघाच्या अधिकृत वहीत, देणाऱ्याच्या रकान्यात, बाईची सही आहे. वही कुणाकडे असते? मला त्या पानाचा फोटो हवा. रूपाच्या अर्जाला जोडते. म्हणू देत मग इथल्या लोकांची मानसिकता वेगळी आहे म्हणून. उद्याच जा तुम्ही."

"अरुंधती, पाय सुजलेत माझे."

"परवा जा. पण जा. फोटो सरळ काढा, बोट मध्ये येऊ देऊ नका, मागल्या खेपेला ठरावावर तुमचा अंगठा आला होता. आणि वरच्या दोन-तीन नोंदीही दिसल्या पाहिजेत, म्हणजे रकाना कळेल. लिहून घेताय ना?"

"कशानं लिहू? हात ओले आहेत."

"मग ऐका नीट."

दमयंतीबाईंनी फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला, वाकून पाय एकेक करून पाण्याबाहेर काढले आणि पुसायला घेतले. अरुंधती बोलतच होती.